रात्री खुराड्यात घरघर, डोळ्यांना फेस: सीआरडी की मानमोडी?

कृष्णाकाठ (ता. पलूस)
नमस्कार मंडळी. २२ कोंबड्या आहेत, १४ गावरान, बाकी गिरिराज. चार दिवसांपासून रात्री घरघर ऐकू येते. सहा जणींच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस, नाकाला भरडा चिकटलेला. एकीचा डोळ्याखालचा भाग सुजून डोळा मिटलाय. अंडी ११ वरून ६ वर आली. मर नाही, हगवण नाही. खाली उसाचं पाचट आहे, ते थंडीत ओलं राहतं. पंधरा दिवसांपूर्वी बाजारातून चार तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणून यांच्यातच सोडल्या. दुकानदार लासोटा (मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस) पाजा म्हणतोय. पाजू का?

खुराडं_वाई
आत्ता लासोटा अजिबात नको. ती जिवंत लस आहे, श्वासनळीतच वाढते. आधीच छाती धरलेल्या कोंबडीला दिली तर घरघर बळावते, एखादी जातेही. पूर्ण बऱ्या झाल्यावर द्या.

फेस आणि घरघर, पण मर नाही, म्हणजे बहुतेक सीआरडी (मायकोप्लाझमा जंतूमुळे होणारा जुनाट श्वसनरोग). तलंगांबरोबर आला असावा, दिवसही जुळतात. लस नसलेल्या कोंबड्यांत मानमोडी असती तर एव्हाना हिरवी हगवण, लुळे पंख, पिळलेली मान आणि मर दिसली असती.

सुजलेली कोंबडी हातात घेऊन नाकपुडी हळूच दाबा आणि वास घ्या. सडका वास आला तर कोरायझा (सांसर्गिक सर्दी). मग चोच उघडून टॉर्च मारा. घशात पिवळे चिकट थर दिसले तर देवी, तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही. भिंतीवर रक्ताळ शेंबडाचे शिंतोडे असतील तर ताबडतोब डॉक्टर.

कृष्णाकाठ
दाबून बघितलं. पातळ चिकट पाणी आलं, वास नाही. घसा साफ आहे.

पशुसेवा_कराड
मग डॉक्टरांच्या चिठ्ठीवर टायलोसिन हे अँटिबायोटिक. प्रमाण लिटरमागे अर्धा ग्रॅम शुद्ध औषध. पुडीत औषध किती टक्के ते आधी वाचा, निम्मी पुडी नुसती साखर असू शकते. २२ कोंबड्या दिवसाला साधारण ४ ते साडेचार लिटर पितात, आजारी असताना कमी. म्हणून सकाळी २ लिटर, संध्याकाळी ताजं २ लिटर. पूर्ण पाच दिवस. दुसऱ्या दिवशी घरघर थांबते आणि लोक औषध बंद करतात, आठवड्यात तोच आजार उलटतो.

आणखी एक चूक हमखास होते. कोंबड्या बाहेर सोडल्या की पाटाचं, मोरीचं पाणी पितात, औषध तसंच राहतं. पाच दिवस कोंडूनच ठेवा. जी पाण्यापर्यंत येतच नाही, तिला डॉक्टरांकडून इंजेक्शन द्या. त्या सहा जणी वेगळ्या डालग्यात, त्यांचं काम सगळ्यात शेवटी.

डोळ्यासाठी अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट चहाचा चमचा मीठ, कापसाने दिवसातून दोनदा पुसा. अंडी आणि मांस औषध चालू असेपर्यंत आणि नंतर लेबलवर लिहिलेले दिवस खायचं नाही, विकायचंही नाही.

खुराडं_वाई
पाचट काढाच. कोंबडीच्या उंचीला बसून श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया झालाय, आणि तो असेपर्यंत औषध अर्धंच काम करतं. भाताचं तूस किंवा शेंगांची कोरडी टरफलं चार बोटं पसरा, रोज उलथा. कोंबड्या आत असताना ओल्या गादीवर चुना टाकू नका, अमोनिया उलट जास्त सुटतो. वारा वरच्या बाजूने खेळू द्या. थंडीत सगळीकडून पोती लावून खुराडं बंद करतात, तिथेच गडबड होते.

कृष्णाकाठ
बऱ्या झाल्यावर यांचीच अंडी रवणीला (उबवायला) घालू का?

पशुसेवा_कराड
नको. बरी दिसणारी कोंबडीही जंतू बाळगून असते, ते अंड्यातून पिल्लात उतरतात. अंडी फक्त खायला. नवीन पक्षी आणले तर तीन आठवडे लांब, वेगळ्या भांड्यांवर ठेवा.

मधेच एकदम दोन-तीन मेल्या, तुरे निळे पडले, तर हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ वर फोन करा. मेलेली ओढ्यात टाकू नका.