मदत हवी आहे: बर्फात नॉयश्वानश्टाइन

म्युनिकमध्ये शिकणारे आम्ही काही मराठी विद्यार्थी जानेवारीतल्या एका शनिवारी नॉयश्वानश्टाइन आणि होहेनश्वांगाऊ हे दोन्ही किल्ले एकाच दिवसात करायचं म्हणतोय. बायर्न तिकिटावर (बव्हेरिया राज्यातलं एक दिवसाचं रेल्वे तिकीट) किल्ल्यांजवळच्या फ्युसेन गावापर्यंत रेल्वेने, पुढे पायथ्यापर्यंत बस, इथवर ठरलंय. घोळ पुढेच आहे. बर्फ असला की पायथ्यापासून नॉयश्वानश्टाइनकडे वर जाणारी बस बंद असते आणि तो किल्ला जिथून बघतात तो मारियनब्रुकं पूलही बहुधा बंदच. म्हणजे अर्धा-पाऊण तास चढ चालायचा. दोन किल्ल्यांच्या प्रवेशवेळांमध्ये किती अंतर ठेवावं? वेळ चुकली तर तिकीट वाया! सह्याद्रीत वापरलेले ट्रेकिंगचे बूट बर्फावर चालतील, की खाली काटे लावावेच लागतील? घोडागाडीसाठी रांगेत थांबण्यात अर्थ आहे का? हिवाळ्यात जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.