मदत हवी आहे: नवीन पीओई स्विच लावल्यापासून चार डेस्क फोन बंद

लेजरवाली: नमस्कार मंडळी. ऑफिसातला जुना स्विच गेला म्हणून नवीन २४ पोर्टचा पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच फोनला वीज देणारा) लावला. तेव्हापासून अकाउंट्सचे चार आयपी फोन सुरूच होत नाहीत, स्क्रीन काळी. बाकी सगळं छान. केबल बदलून झाली, पोर्ट बदलून झाले. साहेब डोक्यावर बसलेत, लवकर सांगा. रीस्टार्ट करा असं कृपया कुणी सांगू नका.

तारजोड: मॉडेल? एकूण फोन किती? स्विच एकूण किती वॅट देतो? सगळ्या पोर्टना पीओई आहे का? स्वस्तातल्या स्विचमध्ये कधीकधी निम्म्याच पोर्टना असतं.

लेजरवाली: सगळ्यांना आहे. खोक्यावर १९० वॅट लिहिलंय. फोन १४. मॉडेल बघायला साहेबांच्या केबिनमध्ये जावं लागेल, आत्ता नको.

गणिती गोंधळ: मग सापडलं की! एएफ हे पीओईचं स्टँडर्ड, म्हणजे पोर्टला १५.४ वॅट. १४ फोनांचे २१५.६ झाले. स्विचचं विजेचं बजेट संपलं. मोठा स्विच घ्या.

तारजोड: १५.४ ही कमाल मर्यादा आहे हो. साधा डेस्क फोन चार-सहा वॅटवर चालतो. फोनने आपला क्लास (किती वीज लागते तो गट) २ सांगितला तर स्विच सातच वॅट बाजूला काढतो. आणि तुमचंच गणित धरलं तरी १९० मध्ये १२ फोन बसतात, म्हणजे दोन बंद पडायला हवेत. इथे चार पडलेत, तेही एकाच खात्याचे.

गणिती गोंधळ: आमच्याकडे मोठा स्विच घेतल्यावरच सुटलं होतं. अनुभव सांगितला, पटलं तर घ्या.

कॅमेरावाले काका: ताई, एवढी डोकेफोड कशाला? २४ व्होल्टचे इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारे डबे) मिळतात, चार आणा आणि लावून टाका. मी सगळ्या साइटवर तेच वापरतो.

तारजोड: काका, ते पॅसिव्ह. या फोनना ४८ व्होल्टच्या आसपास लागतात, २४ वर उठणारच नाहीत. वर पॅसिव्ह इंजेक्टर न विचारता वीज सोडतो. स्टँडर्ड पीओई आधी समोर २५ किलोओहमची खूण आहे का ते तपासतं, मगच वीज देतं. उद्या कुणी त्या केबलला लॅपटॉप जोडला म्हणजे?

कॅमेरावाले काका: इतकी वर्षं करतोय, एक कॅमेरा जळला नाही.

व्हीलॅनप्रेमी: व्हॉइस व्हीलॅन (फोनसाठी वेगळं आभासी नेटवर्क) केलाय का? एलएलडीपी-मेड (फोनला तो व्हीलॅन कळवणारी सोय) चालू करा, नाहीतर फोन चुकीच्या नेटवर्कमधून आयपी घेतो.

तारजोड: स्क्रीन काळी आहे. आयपी घ्यायला आधी फोन जागा तर व्हायला हवा!

जुनी डायल: अवांतर: आमच्या काळ्या फोनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट यायचे. रात्रभर लाइट गेली तरी घंटी वाजायची. आता फोनला वीज मिळत नाही म्हणून धागे निघतात. हलकेच घ्या.

पंचिंग टूल: मुद्द्यावर येऊ या. केबल बदलली म्हणजे भिंतीतली की टेबलावरची? दोन गोष्टी करून बघा. बंद फोन रॅकपाशी नेऊन छोट्या पॅच कॉर्डने थेट स्विचला लावा. मग तोच फोन जागेवर अॅडॉप्टरवर चालवा.

लेजरवाली: टेबलावरची. भिंतीतली कोण उपटणार? साहेब जेवायला गेले तेवढ्यात केलं. रॅकपाशी फोन लगेच सुरू झाला. जागेवर अॅडॉप्टरवर पण चालतो, कॉलसुद्धा लागतो. शेजारचा संगणक आधीपासून चालूच आहे, तो त्याच केबलवर आहे ना.

पंचिंग टूल: थांबा. त्याच केबलवर म्हणजे?

लेजरवाली: भिंतीतून एकच केबल येते आणि दोन जॅक होतात. रॅकमध्येही तसंच. अकाउंट्सला पहिल्यापासून असंच आहे. त्याचा काय संबंध?

पंचिंग टूल: सगळा संबंध तिथेच आहे. चार जोड्यांची, म्हणजे आठ तारांची केबल दोघांत वाटली आहे, दोन जोड्या संगणकाला, दोन फोनला. १०० एमबीपीएसच्या डेटाला दोन पुरतात म्हणून अॅडॉप्टरवर कॉल लागतो. पण फोनच्या जॅकमध्ये पिन १, २, ३, ६ एवढ्याच पोचतात. जुना स्विच त्याच पिनांवरून वीज देत असणार, म्हणजे मोड ए. नवा बहुतेक मोड बी, ४, ५, ७, ८ वरून देणारा. त्या पिना तुमच्या जॅकला जोडलेल्याच नाहीत, मग स्विचला समोर फोन दिसणार कसा? डेटाशीटमध्ये मोड बघा.

तारजोड: +१. पोर्ट बदलून फरक का पडला नाही तेही कळलं.

गणिती गोंधळ: म्हणजे स्विचच चुकीचा घेतला, मी तेच म्हणत होतो.

पंचिंग टूल: स्विच नियमातच आहे, दोन्ही मोड चालतात. नवी केबल ओढायचीही गरज नाही. दोन्ही टोकांना आठही तारा एकाच जॅकवर पंच करून (दाबून बसवून) घ्या, त्यावर फोन लावा आणि संगणक फोनच्या मागच्या पीसी पोर्टला.

व्हीलॅनप्रेमी: पीसी पोर्ट १०० एमबीपीएसचा असेल तर संगणक मंदावेल.

पंचिंग टूल: दोन जोड्यांवर आजही १०० च मिळतायत. मात्र फोन रीस्टार्ट झाला की संगणकाचं नेटही क्षणभर जाईल, तेवढं अकाउंट्सला सांगून ठेवा.

लेजरवाली: डेटाशीटमध्ये ४, ५, ७, ८ च लिहिलंय. वायरमनकडून एका टेबलाचं करून घेतलं, फोन सुरू! बाकीची तीन उद्या. धन्यवाद.

कॅमेरावाले काका: इंजेक्टरने आजच चारही झाले असते.