दुसरा बुधवार : निवृत्तीनंतरच्या जीपसहली (अनुभव धागा)

नीरेकाठ

परवा एका दाखल्यासाठी सरकारी कचेरीत गेलो होतो. मागच्या आवारात जुन्या जीपा ओळीने लावून ठेवल्यात. पंधरा वर्षं उलटलेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३पासून रद्द झाली ना, त्यातल्याच. एकीच्या बॉनेटमधून पिंपळ वर आलाय, चांगला हातभर. दाराशी जाऊन उभा राहिलो आणि पाय निघेना. नोकरीची निम्मी वर्षं अशाच जीपमध्ये गेली माझी. पाटबंधारे खातं, नीरा देवघरचं काम, भोरच्या पुढे रस्ता म्हणजे आम्ही जाऊ तो.

२०११ला निवृत्त झालो आणि जुनी एमएम ५४० जीप घेतली. दोघे खात्यातलेच मित्र, एक वनखात्यातून निवृत्त झालेला, एक वीजमंडळातला, एक बँकेतला (त्याची जिप्सी). सगळ्यांनी बायकांना घेऊन महिन्यातून एकदा दिवसभर बाहेर पडायचं ठरलं. दिवस दुसरा बुधवार. रविवारी घाटात पाय ठेवायला जागा नसते, बुधवारी सगळा सह्याद्री मोकळा. सकाळी साडेसातला चेलाडी फाटा, अंधार पडायच्या आत घरी. केळदच्या पुढे मढे घाट, आंबवड्याचा झुलता पूल, कोर्ले गावातून रायरेश्वरची शिडी, पाबे घाटातून वेल्हे. किल्ले चढणं आता गुडघ्यांना झेपत नाही, पण पायथ्याच्या शेवटच्या वाडीपर्यंत जीप नेते.

एक मे महिना विसरत नाही. देवघरच्या बॅकवॉटरला पाणी खूप मागे गेलं होतं. आमच्यातला एक हौसेने खाली काठाकडे उतरला. वरून जमीन भेगाळलेली, कोरडी ठणठणीत. खाली लोण्यासारखा गाळ. चाकं ॲक्सलपर्यंत आत. मी आयुष्यभर गाळाचं काम केलेला माणूस, मी आधीच ओरडायला हवं होतं. फोर लो (चारही चाकांना जोर देणारा सगळ्यात हळू गिअर) टाकून काही होईना. दोरखंड काढला, दुसरी जीप वर पक्क्या मुरमावर उभी केली, दोर चासीच्या हुकात अडकवला. ताणलेल्या दोरावर काहीतरी जड टाकावं लागतं. तुटला तर तो सापासारखा उसळतो, माणूस जागच्या जागी जातो. ताडपत्री आणलीच नव्हती. आमच्यातल्या एका वहिनींनी झाडाखाली अंथरलेली गोधडी उचलली, घडी घातली आणि दोरावर टाकली. त्यांच्या आईच्या हातची, नऊवारीच्या काठांची गोधडी. एक शब्द बोलल्या नाहीत.

स्टीअरिंगवर कोण? ढकलायला सगळे पुरुष हवे होते. त्याच वहिनी बसल्या. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या, मोटार कधी चालवली नव्हती. नवरा खिडकीशी उभा राहून सांगतोय, "क्लच सोड, हळू, अजून हळू, चाक सरळ धर." जीप निघाली. त्यानंतर चेलाडीपासून पुढे त्यांच्या जीपचं स्टीअरिंग त्यांच्याकडेच असायचं.

आता आमच्यातले तिघे नाहीत. तुमच्या घरात, ओळखीत असं कुणी बाहेर पडत असेल तर लिहा. वाचायचंय.

थर्मास

काय लिहिलंत काका. गोधडीचं पुढे काय झालं? डाग निघाले का?

नीरेकाठ

नाही निघाले. त्यांनी काढलेही नाहीत. पुढच्या प्रत्येक सहलीला तीच गोधडी दोरखंडाबरोबर जीपमध्ये.

रुईफूल

बाबा वनखात्यात होते, त्यामुळे धागा बघून लगेच लिहायला बसले, कुकर लावलाय, शिट्टीपर्यंत जेवढं होईल तेवढं. बाबा आता ८१. दोन-तीन वर्षांपासून विसरतात. वार कळत नाही, कधी मलाच आईच्या नावाने हाक मारतात. मागच्या डिसेंबरमध्ये भावाने त्याच्या थारमध्ये त्यांना पुढे बसवलं आणि त्यांच्याच वयाच्या दोन मित्रांना मागे. माळशेजच्या अलीकडे कच्च्या रस्त्याला लागलो. चढ आला, खडी निसरडी. बाबांचा हात आपोआप गिअरच्या बाजूच्या छोट्या दांड्यावर गेला. भावाला म्हणाले, "थांब आधी. पूर्ण थांब. न्यूट्रल कर. मग लो टाक." अगदी त्यांच्या जुन्या आवाजात. भाऊ थांबला, त्यांनीच टाकला. मागे बसलेले काका रडत होते. झाली शिट्टी

सातारी

@रुईफूल वाचून अंगावर काटा आला.

काकांना एक विचारायचं होतं. माझ्या सासऱ्यांची जुनी जीप आहे, पूजो इंजिनवाली. इंजिन खणखणीत आहे पण ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी गिअरची पेटी) तेल गळतंय. सील कुठे मिळेल? इथे सगळे म्हणतात विकून टाका.

डिझेल

विकू नका!! नाना पेठेत मिळेल. जुना सील काढून बरोबर न्या, नुसतं मॉडेल सांगून चुकीचा देतात. आणि सासऱ्यांना एक विचारा, कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून चालवतात का? या जीपना पुढच्या मागच्या ॲक्सलमध्ये फरक सामावून घ्यायची सोय नाही. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, सगळा ताण आतल्या गिअरवर येतो. चिखल, वाळू, सैल खडी एवढ्यापुरतंच लावायचं, डांबर आलं की लगेच काढायचं.

सातारी

लावतात हो! म्हणतात ग्रिप चांगली मिळते. सांगते आजच.

सोनचाफा

मी जरा वेगळं लिहिते. आमचा पण ग्रुप आहे, नाशिकचा, पाच गाड्या. पहिली दोन वर्षं मी गेलेच नाही. कारण कुणाला सांगता येत नव्हतं. ६५ वर्षांची बाई, मधुमेह, दर दोन तासांनी जावं लागतं, आणि यांचं आपलं "झाडामागे जा ना, कोण बघतंय". मी घरून निघायच्या आधी पाणीच प्यायचे नाही, मग दुपारी चक्कर. एकदा उन्हात हरसूलच्या पुढे खरंच पडले.

नंतर सुनेने घडीचा छोटा तंबू आणला, झटकला की उभा राहतो, आत खुर्चीसारखं आसन आणि माती-भुशाची बादली. आता आमच्या पाची गाड्यांतल्या बायका येतात. सहलीला बायका येत नाहीत म्हणून तक्रार करणाऱ्या सगळ्या काकांना माझं हात जोडून सांगणं आहे, आधी याची सोय करा, मग बोलवा.

आंबेगावकर

शंभर टक्के. आमच्या आईने हेच कारण सांगितलं असतं तर आम्ही काहीतरी केलं असतं. ती "मला गाडी लागते" म्हणायची. आता कळतंय.

थर्मास

ताई लिंक द्या ना तंबूची, आईला पाहिजे

सोनचाफा

सुनेला विचारून टाकते संध्याकाळी.

सिडनीतली आजी

मी मुलाकडे सिडनीला असते वर्षातले सहा महिने. इथे निवृत्त लोकांचे फोर व्हील ड्राइव्ह क्लब आहेत आणि त्यांचं कामकाज बघण्यासारखं आहे. शेजारच्या आजोबांनी आम्हाला एकदा बरोबर नेलं, स्टॉकटन बीचला. न्यूकॅसलजवळ, ३२ किलोमीटर लांब वाळू. परवाना काढावा लागतो, ती वोरिमी या तिथल्या मूळ रहिवाशांची जमीन आहे. गाड्या सगळ्या ७०च्या पुढच्या लोकांच्या, माझ्या ह्यांना तर पहिल्यांदा विश्वासच बसेना.

वाळूत शिरायच्या आधी सगळे खाली उतरले आणि टायरची हवा सोडायला बसले. मापकाची सुई १८वर (पीएसआय) आली की बंद. टायर पसरतो आणि वाळूवर तरंगल्यासारखा चालतो. परत रस्त्यावर येताना छोट्या पंपाने भरायची. आमच्याकडे सगळे हवा कमी केली की टायर खराब होईल म्हणून घाबरतात.

सगळ्यांकडे वॉकीटॉकी, १० नंबरच्या चॅनलवर. सगळ्यात मागच्या गाडीत सगळ्यात अनुभवी माणूस. आणि एक नियम मला फार आवडला. वळण आलं की वळून पुढे निघून जायचं नाही, मागची गाडी आरशात दिसेपर्यंत तिथेच थांबायचं. प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याला सांभाळायचं. शेवटपर्यंत एकही माणूस चुकत नाही.

दुपारी टेकडीच्या आडोशाला खुर्च्या मांडल्या आणि प्रत्येकाने आपापला डबा काढला. मी थालीपीठ नेलं होतं. संपलं, मला एकच मिळालं.

नीरेकाठ

आजी, हा मागच्या गाडीचा नियम आम्ही पुढच्या बुधवारपासून लावतो. वॉकीटॉकीचा पण विचार करतो, केळदच्या पुढे फोनला रेंज नसते.

डिझेल

@सिडनीतली आजी तिकडे परवाना काढून जातात हे महत्त्वाचं. इकडे कोकणात किनाऱ्यावर गाडी घालू नका कुणी. बंदी असते आणि भरतीची वेळ न बघता उतरलेल्या किती गाड्या दरवर्षी समुद्रात जातात. ओल्या वाळूत चाक थांबलं की पाणी येईपर्यंत फार वेळ मिळत नाही. मी स्वतः एक अशी पाहिलीये, दार उघडेना.

पश्चिमघाट

किनाराच काय, सडे (जांभ्याची उघडी पठारं) पण. कासला २०१२ला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तिथे आता तिकीट आहे. पण तशाच जांभ्याच्या कातळांवर, जिथे राखण नाही, तिथे हौशी लोक जीपा फिरवतात. बोटभर मातीत वर्षभर झोपलेलं बी असतं, चाकाच्या एका फेरीत गेलं. ज्येष्ठ मंडळींनी हे तरुणांना सांगावं, त्यांचं ऐकतात.

नीरेकाठ

अगदी बरोबर. आमच्यातला वनखात्यातला मित्र पहिल्या दिवसापासून मळलेली वाट सोडून चाक बाहेर काढू द्यायचा नाही. देवघरला आम्ही गाळात उतरलो तेव्हा तो आला नव्हता. आला असता तर उतरलोच नसतो.

आंबेगावकर

भाकरी की पुरी? प्रवासाला. घरात वाद चालू आहे.

सोनचाफा

दशमी. दुधात भिजवलेली. दोन दिवस टिकते.

थर्मास

दशमी + शेंगदाण्याची चटणी + दह्याचा डबा वेगळा. वाद मिटला

ओलीमाती

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते आहे. माझे मिस्टर याच महिन्यात दोन वर्षांपूर्वी गेले. जिप्सी खाली पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे. मुलगा पुण्याबाहेर असतो, म्हणतो विकू. कागद काढून ठेवलेत आणि परत कपाटात ठेवलेत, तीनदा. हे पुढच्या चाकाच्या मध्यावरची ती चकती फिरवायचे हाताने, फोर व्हीलसाठी चाक लॉक करायला, आणि दरवेळी मला हाक मारायचे, "बघ, ऐकू आलं का?" टक असा आवाज. मागच्या रविवारी मी खाली जाऊन फिरवून बघितली. गंजली नाहीये. टक झालं.

रुईफूल

ताई... काय बोलू. विकू नका एवढ्यात.

सातारी

महिन्यातून एकदा तरी चालू करा ताई, बॅटरी जाईल नाहीतर. शेजारचं कुणी असेल तर.

नीरेकाठ

ताई, तुमचं वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला होता.

एक सांगतो. आमच्या ग्रुपचा एकच कडक नियम होता. यायचं नसेल तर आदल्या रात्री फोन करायचा. एका बुधवारी आमचा वीजमंडळातला मित्र न सांगता आला नाही. फोन वाजतोय, उचलत नाही. एकटाच राहायचा, वहिनी आधीच गेलेल्या. आम्ही चेलाडीवरून परत फिरलो, चारही गाड्या. तो न्हाणीघरात पडलेला, मांडीचं हाड मोडलेलं, पहाटे पाचपासून. दार तोडून काढला. पुढे सहा वर्षं जगला, काठी घेऊन का होईना दर दुसऱ्या बुधवारी माझ्या शेजारच्या सीटवर बसायचा.

तुम्ही पुण्यातच असाल तर पुढच्या महिन्याचा दुसरा बुधवार धरा. गाडी आणा, मी माणूस पाठवतो चालवायला. किंवा गोधडीवाल्या वहिनी येतील तुमच्याकडे सकाळी सहाला, त्या चालवतील. त्यांना आज सांगितलं, लगेच हो म्हणाल्या. त्या आता ७४ आहेत, पण लायसन्स नूतनीकरण करून घेतलंय. सोपा रस्ता घेऊ, बनेश्वर आणि फार तर वेल्ह्यापर्यंत.

ओलीमाती

मी कोथरूडला असते. मी काही चालवत नाही. पण बसेन.

नीरेकाठ

पुरे आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, फोन नंबर दिलाय.

थर्मास

काका मी आणि आई पण येऊ का? आमच्याकडे साधी कार आहे, फोर व्हील नाही.

नीरेकाठ

या की. कार चेलाडीला लावा, जीपमध्ये मागे जागा आहे. आईंना गुडघ्याचा त्रास असेल तर पायरीसाठी छोटा स्टूल ठेवलेला असतो आमच्याकडे.

डिझेल

@ओलीमाती ताई, निघायच्या आधी मी येऊन गाडी बघून जातो. मी वारज्यालाच आहे. ब्रेक ऑइल, टायरच्या कडा, बेल्ट. दोन वर्षं उभी गाडी आहे, टायर एका बाजूला बसलेले असतील. पैसे वगैरे काही नाही.

सोनचाफा

नाशिकहून पहाटे निघालं तर चेलाडीला साडेसात होतील का? नाही होणार बहुधा. आदल्या दिवशी बहिणीकडे मुक्काम करते. तंबू मी आणते.

ओलीमाती

दशमी मी करून आणते. किती जणांच्या करू?

नीरेकाठ

अकरा धरा.