अनुभव धागा : खान्देशातल्या घरापासून परदेशातल्या लेकराच्या दारापर्यंत किती तास?

पुढच्या महिन्यात आम्ही दोघं पहिल्यांदाच लेकीकडे निघालोय. मुंबई ते न्यूयॉर्क, हवाई अंतर साधारण १२,५५० किलोमीटर. तिकिटावर रात्री दीडला सुटून सकाळी आठला पोहोच. हिने बोटं मोजली, म्हणाली, "साडेसहाच तास?" दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे, म्हणजे विमानात सोळा तास. पण जळगावच्या घराला कुलूप लावल्यापासूनचा हिशोब कोण सांगणार? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

भुसावळ : काका, आधी मुंबईपर्यंतचं बघा. रेल्वेने सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर, सहा-सात तास. आम्ही जुलैत निघालो आणि कसारा घाटात दरड आली. गाडी इगतपुरीला चार तास उभी. सासूबाई गुडघ्याने अधू. शेवटी तिथेच उतरून टॅक्सी केली, काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं असताना पोहोचलो. पावसाळ्यात आदल्या दिवशीच मुंबई गाठा, हात जोडून सांगते.

नंदुरबार : भाऊ दुबईला असतो. मुंबई-दुबई १,९०० किलोमीटर, तीन-सव्वातीन तास. नंदुरबारहून सुरतमार्गे मुंबईला जायलाच त्याहून जास्त लागतात.

अमळनेर : मी भूगोल शिकवायचो. मुलगा अमेरिकेला गेला तेव्हा पृथ्वीगोलावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून पाहिला. सपाट नकाशावर वाटतं तसा तो सरळ पश्चिमेला जात नाही. वर चढतो, स्वीडन, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, मग खाली उतरतो. गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर हेच. विमान मात्र दरवेळी याच वाटेने जाईल असं नाही, वारा आणि कोणत्या देशाचं आकाश खुलं आहे ते पाहावं लागतं. परतीला वेळ कमी लागतो, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट वारे विमानाला पुढे ढकलतात. मी लंडनला गेलो तेव्हा जाताना साडेनऊ तास, येताना नवाच्याही आत.

चाळीसगाव : २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आकाश बंद केलं. माझा मुलगा त्यानंतर दिल्लीहून निघाला, तर विमान इंधनासाठी मध्येच युरोपात उतरलं. तिकडे सूनबाई वाट बघत बसलेली. पुढचं विमान बदलायचं असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा.

धुळे : आईला घेऊन गेलो होतो. दर तासाला उठवून तिला चालवायचो, पाय सुजतात म्हणून. पाणी पाजायचो, सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. समोरच्या पडद्यावर नकाशात विमान सरकत होतं. ती तेच बघत बसायची आणि विचारायची, "भाऊ, आजून कितला दूर शे?" दहाव्या तासाला मी म्हणालो, "माय, आते अर्ध्यानं वर वनूत." (आता अर्ध्याच्या वर आलोय.) मग तिला झोप लागली.