ड्रायव्हर नवा टाकला तरी रिसायझेबल बार 'नो'च दाखवतंय, फर्मवेअरचा घोळ आहे का?

अर्धवट_टेकी: सेकंडहँड आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड घेतलंय. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये रिसायझेबल बारसमोर (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) 'नो' येतंय, ड्रायव्हर कालच लेटेस्ट टाकला तरी तेच. मित्र म्हणतो फर्मवेअर अपडेट कर. पण ड्रायव्हर म्हणजेच फर्मवेअर ना? आणि मधेच लाइट गेली तर मशीन मरतं म्हणे, म्हणून हात लावायला फाटतेय

चिपवाला: नाही रे, ड्रायव्हर डिस्कवर असतो, फॉरमॅट मारला की गेला. फर्मवेअर बोर्डावरच्या फ्लॅश चिपमध्ये बसतं, डिस्क काढून ठेवलीस तरी तिथेच. त्यातही मदरबोर्डचं फर्मवेअर म्हणजे बायोस वेगळं (खरं तर आता युईएफआय, पण बायोसच म्हणतात सगळे) आणि कार्डावर स्वतःची चिप, तिच्यात व्हीबायोस, म्हणजे कार्डाचं फर्मवेअर. तुझ्या केसमध्ये दोन्ही लागतात, कारण ३०७० आलं २०२० मध्ये आणि एनव्हिडियाने हा सपोर्ट त्याला दिला मार्च २०२१ मध्ये, म्हणजे आधीच्या कार्डांना व्हीबायोस अपडेट करावंच लागतं.

आधी मदरबोर्ड बघ. विंडोजमध्ये msinfo32 म्हणजेच 'सिस्टम इन्फॉर्मेशन' उघड, बायोसची तारीख दिसेल. नवी फाइल बोर्डच्याच साइटवरून, एफएटी३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर टाकायची आणि बायोसमधूनच फ्लॅश करायचं (म्हणजे चिपवर लिहायचं), विंडोजमधून नको. लाइटची भीती खरी आहे, यूपीएस लाव.

रिकव्हरी_की_हरवली: बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर आधी सस्पेंड कर!! मी केलं नव्हतं, रीस्टार्टला मशीनने ४८ आकडी की मागितली आणि ती शोधण्यात अख्खा रविवार गेला

दोनदा_विचार: व्हीबायोस मात्र कार्ड बनवणाऱ्याच्याच टूलने. दुसऱ्या कंपनीच्या ३०७० ची फाइल मारायचा शहाणपणा नको, नाव एक असलं तरी आतली मेमरी, पंखे, पॉवर लिमिट वेगळं असू शकतं. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं टूल) मधून आत्ताच्या व्हीबायोसची कॉपी सेव्ह करून ठेव.

अर्धवट_टेकी: बायोस झालं. कार्डाचं टूल म्हणतंय अपडेटची गरज नाही, आधीच्या मालकाने केलेलं दिसतंय. पण अजून 'नो'च??

चिपवाला: बायोस अपडेटनंतर सेटिंग बहुतेक डिफॉल्टला जातात. अबव्ह ४जी डिकोडिंग आणि रिसायझेबल बार ऑन कर, सीएसएम (जुन्या बायोस पद्धतीने बूट करायची सोय) ऑफ. फक्त डिस्क एमबीआर (जुनी पार्टिशन पद्धत, नवी ती जीपीटी) असेल तर सीएसएम काढल्यावर विंडोज बूट होणार नाही, ते आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघ

अर्धवट_टेकी: जीपीटीच होती. आलं 'येस'!