मदत हवी आहे: पॉपॉ फळ कसे निवडावे, कसे साठवावे आणि कशात घालावे?

नमस्कार. आम्ही अमेरिकेत, ओहायो राज्याच्या आग्नेय भागात राहतो. इथल्या ओढ्याकाठच्या रानात सप्टेंबरमध्ये पॉपॉ नावाचे फळ पिकते, आणि जवळच्या ऑल्बनी गावात १९९९ पासून त्याचा उत्सवही भरतो. फोनवर पॉपॉ म्हटले की घरच्यांना पपईच वाटते, कारण ऑस्ट्रेलियासारख्या देशांत पपईलाच पॉपॉ म्हणतात. पण हे फळ पपईचे कोणीही लागत नाही. ते सीताफळाच्या कुळातले आहे. आत पिवळसर, लोण्यासारखा गर आणि दोन रांगांत मोठ्या तपकिरी बिया असतात, आणि चव थोडी केळ्याची, थोडी आंब्याची, पण शेवटी सीताफळाचीच वाटते.

माझ्या अडचणी तीन आहेत. पहिली निवडीची. सीताफळाचे डोळे उघडले की ते काढायचे, हे लहानपणापासून माहीत आहे. पण पॉपॉची साल गुळगुळीत असते, त्यामुळे पाहायचे काय हेच कळत नाही. मागच्या वर्षी मी कडक फळे आणून कागदात अढी घातली, तर निम्मी काळी पडली आणि एकही धड पिकले नाही.

दुसरी साठवणीची. शेजारच्या आजी त्यांच्या झाडांची दोन बादल्या फळे देणार आहेत, ती सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. मला ती कोजागिरीला, आमच्या मंडळाच्या चाळीस माणसांसाठी वापरायची आहेत, म्हणजे मध्ये निदान दोन आठवडे जाणार.

तिसरी अडचण खरी काळजीची आहे. मी मूळची रत्नागिरीकडची, त्यामुळे जास्तीचा गर दिसला की हात आपोआप साठ, म्हणजे आंबापोळीसारखी पोळी, घालायला जातो. मागच्या वर्षी पॉपॉचा गर आटवून, ताटात पसरून, ओव्हनच्या अगदी मंद आचेवर वाळवला. आम्ही तिघांनी खाल्ला आणि रात्री दोघांना जोरात उलट्या झाल्या. ताजे फळ खाऊन आम्हांला कधीच काही झाले नव्हते. साठ खराब झाले होते की फळाचाच हा गुण आहे? मंडळात वाढण्याआधी मला हे नक्की कळायला हवे.

प्रतिसाद १

ताई, तुमचे साठ बिघडले होते असे मला वाटत नाही. वाळवलेल्या पॉपॉने अनेकांना मळमळ आणि उलट्या होतात, ही इथे पॉपॉ लावणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाची गोष्ट आहे, आणि म्हणूनच वाळवू नका असा सल्ला दिला जातो. काही जणांना शिजवलेल्या गरानेही त्रास होतो, तर थोड्यांना ताज्यानेही. एक विचारतो: गर काढताना साल खरवडली होती का, आणि बिया मिक्सरमधून गेल्या होत्या का?

बिया आणि साल अजिबात पोटात जाऊ देऊ नयेत. आपल्याकडे सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावत आणि ती डोळ्यांत जाऊ देऊ नका अशी ताकीद देत, ती उगाच नव्हे. या कुळात ॲसिटोजेनिन गटातली द्रव्ये असतात, आणि त्यांतले ॲनोनासिन पॉपॉच्या गरातही असते. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर याच कुळातले लक्ष्मणफळ आणि त्याच्या पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा विकार जास्त दिसतो, असे १९९९ साली संशोधकांनी मांडले होते. हंगामात चार फळे खाणाऱ्याची गोष्ट वेगळी, हे मान्य. तरी वर्षभर रोज खाण्याचे हे फळ नव्हे, असे माझे मत आहे.

आता निवड. रंगावर जाऊ नका, कारण काही झाडांची फळे पिकल्यावरही हिरवीच राहतात. फळ तळहातात घेऊन अंगठ्याने हलके दाबा. पिकलेल्या पेरूइतके दबले आणि दोन हातांवरून वास आला, तर ते तयार आहे. झाडावर असेल तर हलक्या हिसक्यानेच सुटायला हवे. ओढावे लागले तर ते राहू द्या, कारण अगदी कडक काढलेले फळ अढीत पिकतच नाही. तुमच्या कागदाचा त्यात दोष नव्हता. सालीवरचे काळे डाग पिकल्याची खूण असू शकतात, पण आंबूस वास आला तर फळ टाका. रानटी झाडांपैकी काहींची चव मागाहून कडवट लागते, म्हणून प्रत्येक झाडाचे एक फळ आधी चाखून मगच बादलीत भरा. लागवडीच्या जातींत शेनान्डोआ सौम्य आहे आणि ससक्वेहानाचा गर घट्ट. नील पीटरसन यांनी निवडलेल्या या जातींना नद्यांची नावे आहेत.

पूर्ण पिकलेले फळ बाहेर दोन-तीन दिवस आणि फ्रिजमध्ये साधारण आठवडाभर टिकते. किंचित मऊ पडू लागलेले फळ फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडेही राहते, आणि मग बाहेर ठेवले की पिकते. दोन बादल्यांसाठी मात्र गर काढून गोठवणे हाच मार्ग आहे: बिया हाताने काढा, गर भोकांच्या चाळणीतून काढा, काळा पडू नये म्हणून थोडा लिंबाचा रस घाला आणि लहान पिशव्यांत हवा काढून सपाट भरा. बरण्यांत पाक घालून टिकवायच्या भानगडीत पडू नका, कारण या गरात आम्लता फार कमी असते.

प्रतिसाद २

सीताफळाच्या बासुंदीचा नियमच इथे लावा. सीताफळाचा गर गरम दुधात घातला तर कडवट होतो, म्हणून आधी दूध आटवतो, पूर्ण थंड करतो आणि मग गर मिसळतो. पॉपॉचा वासही आचेवर उडून जातो. चार लिटर दूध आटवून दोन लिटर करा, नेहमीपेक्षा कमी साखर घाला, फ्रिजमध्ये गार करा, आणि वाढण्याच्या तासभर आधी अर्धा लिटर गर घाला. चाळीस लहान वाट्या होतील आणि प्रत्येकीत गर मोठा चमचाभरच जाईल, जे पहिल्यांदा खाणाऱ्यांसाठी बरेच आहे. वेलदोडा चिमूटभर पुरे. केशर घालू नका, दोघांचाही वास वाया जातो.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बिया मी हातानेच काढल्या होत्या, पण साल मात्र चमच्याने अगदी हिरवा थर येईपर्यंत खरवडली होती, आणि त्यावर तो गर तासभर आटवला होता. फ्रीझरच्या तळाशी त्या साठाचा एक तुकडा उरला होता, तो आज फेकला. कोजागिरीला बासुंदी करीन, तीही ज्यांना हवी त्यांनाच, आणि शेजारी साधे मसाला दूध ठेवीन. वाटीवर फळाचे नाव लिहून ठेवले तर पुरेल, की पहिल्यांदा खाणाऱ्यांना तोंडी सांगणे बरे?

प्रतिसाद १

तोंडीच सांगा. ‘पॉपॉ’ वाचून अर्धे लोक पपई समजून दुसरी वाटी घेतील.