इतिहासाची पदवी: पगार आणि कर्जाचा हिशेब

अमेरिकेतल्या कॉलेजांचा खर्च, कर्ज आणि पगार दाखवणाऱ्या 'कॉलेज स्कोअरकार्ड' या सरकारी संकेतस्थळाचे आकडे देऊन 'इतिहासवाल्यांना पगार कमी, म्हणजे पदवी वाया' असं म्हटलं जातं. पण ते आकडे नेमके कुणाचे? अमेरिकी शिक्षण खात्याच्या या माहितीत फक्त सरकारी मदत घेतलेले विद्यार्थी येतात, आणि पगार मोजताना पुढे शिकत असलेले वगळतात. इतिहासानंतर लॉला गेलेली मुलं सुरुवातीच्या पगारात दिसतच नाहीत. कर्जाचा आकडाही अपुरा: खासगी कर्ज त्यात नाही, पालकांनी मुलांसाठी घेतलेलं 'पेरेंट प्लस' हे सरकारी कर्ज वेगळं दाखवतात.

त्यापेक्षा हप्त्यावरून उलट मोजा: कर्ज फेडायला किती पगार लागेल? पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला चार वर्षांत ५,५००, ६,५००, ७,५०० आणि ७,५०० असं मिळून २७,००० डॉलर सरकारी कर्ज मिळत आलंय. ५.५ टक्के व्याज आणि १० वर्षांची मुदत धरली तर महिना सुमारे २९३ डॉलर, वर्षाला साधारण ३,५००. हप्ते पगाराच्या ८ टक्क्यांत बसावेत ही मर्यादा सरकारच्याच गेनफुल एम्प्लॉयमेंट नियमातली, म्हणजे शिक्षणानंतरच्या पगारातून कर्ज झेपतं का हे तपासणाऱ्या नियमातली. त्या हिशेबाने वर्षाला ४४,००० डॉलरच्या आसपास पगार हवा. अनसबसिडाइज्ड, म्हणजे ज्याचं व्याज सरकार भरत नाही अशा, कर्जावर शिकत असतानाच व्याज चढतं, म्हणून थोडं वरच धरा.

खरा घोटाळा २७,००० च्या पुढे होतो. फी उरली की खासगी कर्ज घेतलं जातं, आणि त्याला उत्पन्नानुसार हप्त्याची सरकारी सोय नाही. पाचवं वर्ष लागलं तर आणखी भर. माझं स्पष्ट मत: विषय बदलण्याआधी त्या कॉलेजची नेट प्राइस, म्हणजे शिष्यवृत्ती वजा जाता उरणारा खर्च, तपासा.